बहुधा दुपार असावी

कॉलचेस्टरहून इप्सविचच्या दिशेने निघालं की पुढचंच स्टेशन मॅनिंगट्री. जेमतेम दहा मिनिटांचा प्रवास, पण गाडी सुटायच्या आधीच आमच्या बाईंनी नियम जाहीर केला. आज परत येईपर्यंत कुणीही नुसतं ‘इज’ किंवा ‘वॉज’ म्हणायचं नाही. समोर जे दिसेल त्याबद्दल बोलायचं ते ‘मस्ट’, ‘माइट’, ‘कुड’, ‘मे’, ‘कान्ट’, ‘शुड’ यांतल्या कुणाला तरी सोबत घेऊनच. खारकिवहून आलेल्या आजींनी लगेच खिडकीबाहेर बोट दाखवलं. “ती गाय आहे, हे मला स्वच्छ दिसतंय. तरी ‘असावी’ म्हणू?”

बाई म्हणाल्या, “यू कुड ट्राय.”

हा वर्ग कॉलचेस्टरमधल्या एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरतो. फी नाही, परीक्षा नाही, हजेरीसुद्धा नाही; चहा आणि बिस्किटं मात्र असतात. दुसऱ्या देशांतून येऊन इथे बस्तान बसवू पाहणाऱ्यांना रोजच्या व्यवहाराचं इंग्रजी बोलता यावं, म्हणून इंग्लंडात गावोगावी असे वर्ग चालतात. चालवणारे बहुतेक निवृत्त स्वयंसेवक. मला काही इथे बस्तान बसवायचं नव्हतं. मी वाईची, शाळेतून निवृत्त झालेली इंग्रजीची शिक्षिका, लेकीकडे उन्हाळ्यापुरती आलेली. लेक आणि जावई दिवसभर कामाला; “आई, तू घरात बसून कंटाळशील,” म्हणून लेकीने मला तिथे नेऊन बसवलं. इंग्रजी शिकवण्यात हयात घालवलेल्या बाईला इंग्रजीच्या वर्गात! पण हॉलमध्ये शिरल्यावर विशीतला एक सुदानी मुलगा मला थेट नावाने हाक मारून खुर्ची देता झाला आणि मला ते आवडलं.

‘मस्ट’, ‘माइट’ वगैरे मोडल ऑक्झिलरी हा बारावीच्या कृतिपत्रिकेतला हक्काचा गुण. वाक्यातली मोडल ऑक्झिलरी बदला, तिचं कार्य लिहा. पोरं डोळे मिटून लिहितात: ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘शुड’ म्हणजे सल्ला, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. कॉलचेस्टरच्या बाईंनी या यादीला हातच लावला नाही. त्यांनी फळ्यावर जॉन कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’ या चित्राची मोठी छापील प्रत डकवली आणि विचारलं, “किती वाजले असतील?”

हे चित्र इंग्लंडात बिस्किटांच्या डब्यांवर, कॅलेंडरांवर, चहाच्या ट्रेंवर इतकं दिसतं की माणसाने त्याकडे बघणं सोडूनच द्यावं. त्या दिवशी मात्र आम्हाला बघावं लागलं. डावीकडे पाण्याला लागून कौलारू घर. मधोमध उथळ पाण्यात थांबलेली रिकामी गाडी, तिला जुंपलेले तीन घोडे, त्यांच्या साजावरचा लाल रंग. अलीकडच्या काठावर गाडीकडे बघणारा कुत्रा. घराशी पाण्यावर वाकलेली बाई, उजवीकडच्या झुडपांत होडीपाशी गळ घेतलेला माणूस. पार मागे कुरणात गवत कापणाऱ्या माणसांचे पांढरे ठिपके. आणि या सगळ्यावर ढगांनी भरलेलं आभाळ, तेही असं की छत्री घ्यावी की नाही ते ठरेना.

दुपार असावी, असं बहुमत झालं. मग बाईंनी ‘असावी’ची प्रतवारी सुरू केली. घराच्या धुराड्यातून धूर निघतोय, म्हणजे घरात कुणीतरी असणार: मस्ट. बाई कपडे धूत असेल किंवा पाणी भरत असेल: माइट. गाडी रिकामी, तेव्हा ती गवत पोहोचवायला निघालेली नसणार: कान्ट. मला आमचा विध्यर्थ आठवला. ‘मुलांनी आईवडिलांचं ऐकावं’ यातही तोच, ‘पाऊस थांबला असावा’ यातही तोच. कर्तव्य आणि अंदाज हे दोन्ही एकाच प्रत्ययाच्या गळ्यात बांधून मराठी मोकळी झाली. इंग्रजीचा ‘मस्ट’ही तेच करतो: तू जायलाच हवंस, आणि तो गेलाच असणार. दोन्ही भाषांना बंधन आणि खात्री एकाच घरच्या वाटल्या, याची मला गंमत वाटते. पण याचं कारण शोधत बसण्याइतकी मी भाषाशास्त्राची नाही.

तर, ज्या जागेबद्दल आठवडेच्या आठवडे अंदाज बांधले, ती जागा प्रत्यक्ष बघायला आम्ही जूनमधल्या एका ढगाळ सकाळी निघालो होतो.

मॅनिंगट्री स्टेशनापासून फ्लॅटफर्डपर्यंत पायी पाऊणएक तास लागतो. रुळांखालून जाणारी वाट, मग मोकळी कुरणं, मग स्टाउर नदीचा बांध. ही नदी एसेक्स आणि सफोक या दोन परगण्यांची हद्द. आमच्या कृष्णेच्या मानाने ओढाच म्हणावा इतकी अरुंद, आणि पाण्याला घाई अशी नाहीच. पण १७०५ साली पार्लमेंटने कायदा करून ती नौकानयनासाठी मोकळी केली आणि पुढे कितीतरी वर्षं सडबरीपासून खाडीपर्यंत धान्य, पीठ, विटा आणि परतीचा कोळसा यांची वाहतूक याच पाण्यावरून झाली. सपाट बुडाचे पडाव काठावरून घोडे ओढत. घोड्यांची वाट मध्येच एका काठावरून दुसऱ्या काठावर जाई, तेव्हा घोड्यालाच पडावात चढवून पार नेत. कुरणांच्या हद्दींवर गुरं अडवायला आडवी लाकडं असत, त्यांवरून त्याला उडी मारावी लागे. कॉन्स्टेबलच्या ‘द लीपिंग हॉर्स’मधला घोडा अशीच उडी घेतोय.

या धंद्यातल्या एका घरचा हा मुलगा. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल धान्याचे मोठे व्यापारी. फ्लॅटफर्डची गिरणी त्यांची, डेडमची गिरणी त्यांची, पडाव त्यांचे, लंडनला पीठ नेणारं ‘टेलिग्राफ’ नावाचं जहाज त्यांचं. जॉनचा जन्म ११ जून १७७६चा, इथून टेकाड चढून गेलं की लागणाऱ्या ईस्ट बर्गहोल्ट गावातला. त्याने गिरणीत काही काळ काम केलं, मग बापाला कसंबसं राजी करून १७९९ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत चित्रकला शिकायला गेला. धंदा धाकट्या भावाने, एब्रमने सांभाळला. कॉन्स्टेबल आयुष्यात परदेशी कधी गेलाच नाही. त्याच्या काळचे चित्रकार रोमला, आल्प्सला जात, उद्ध्वस्त देवळं आणि कडे रंगवून आणत. हा आपला गिरणीचा पाट, कुजकी फळी, चिखलातला खांब रंगवत बसला.

पुलाजवळ आलो तर काठावर आठ-दहा माणसं घडीच्या स्टुलांवर बसून जलरंगांत पुलाचं चित्र काढत होती. फ्लॅटफर्डची गिरणी आता नॅशनल ट्रस्टच्या मालकीची. फील्ड स्टडीज कौन्सिल ही संस्था १९४६ पासून तिथे निवासी वर्ग चालवते, पक्ष्यांचे, वनस्पतींचे आणि चित्रकलेचेही. मला ते दृश्य नवं नव्हतं. मेणवलीच्या घाटावर हिवाळ्यात असेच चित्रकलेचे विद्यार्थी पाय सोडून बसलेले असतात. ‘लँडस्केपला जाणं’ हा वाक्प्रयोगच त्यांनी मराठीत रूढ केला. मुंबईत १८५७ मध्ये जे.जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं आणि उघड्यावर बसून समोरचं झाड, समोरचं पाणी जलरंगात उतरवण्याची इंग्रजी रीत आपल्याकडे आली. मेणवलीच्या पोरांच्या हातात ती आहे, फ्लॅटफर्डच्या पेन्शनरांच्याही.

आमच्यातले हाँगकाँगचे गृहस्थ, तिथे हिशेबनीस होते, एका पेन्शनर बाईंच्या मागे जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघून अत्यंत आदराने म्हणाले, “इट कुड बी ग्रीनर.” बाईंनी मान वर केली. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, “इट कुड ऑलवेज बी ग्रीनर, डिअर,” आणि पुन्हा ब्रश बुडवला.

या हिरव्यावरून कॉन्स्टेबलचं आयुष्यभर वाजलं. त्या काळी प्रतिष्ठित निसर्गचित्र म्हणजे जुन्या वार्निशसारखं तपकिरी. सर जॉर्ज बोमंट हे चित्रांचे मोठे संग्राहक आणि कॉन्स्टेबलचे हितचिंतक. त्यांचं म्हणणं असं की चित्राचा मुख्य रंग जुन्या व्हायोलिनच्या लाकडासारखा असावा. कॉन्स्टेबलने काय केलं, तर एक जुनं व्हायोलिन उचलून त्यांच्या घरासमोरच्या हिरवळीवर ठेवलं. त्याचा मित्र सी. आर. लेस्ली याने १८४३ मध्ये लिहिलेल्या चरित्रात हा किस्सा आहे. मला यात आवडतं ते हे की त्याने वाद घातलाच नाही. ‘असावा’ला ‘आहे’ने उत्तर दिलं.

हे मी बाईंना सांगितलं. आज ‘आहे’ म्हणायचं नाही हे लक्षात आणून देऊन त्या हसल्या.

लाकडी पूल ओलांडला की आपण एसेक्समधून सफोकमध्ये येतो. पुलाशी गवती छपराचं ब्रिज कॉटेज, पुढे पडाव बांधायची कोरडी गोदी. ही गोदी कॉन्स्टेबलने १८१४-१५ मध्ये रंगवली. ते चित्र त्याने सगळंच्या सगळं उघड्यावर बसून केलं, असं मानतात. मग विटांची गिरणी, आणि गिरणीच्या पुढ्यातल्या फरशीवरून पलीकडे बघितलं की ते घर.

घर आहे तिथेच आहे. पांढऱ्या भिंती, कौलं, पाण्याकडची बाजू. चित्रात दिसतं त्याहून लहान वाटलं. पण घर सोडलं तर बाकी सगळं निसटतं. चित्रातली डेरेदार झाडं आता नाहीत. इंग्लंडातले एल्म वृक्ष तर १९७०च्या दशकातल्या रोगात लाखोंनी वाळले. पाणी काठोकाठ भरलेलं, त्यात गाडी घालावी असं वाटणार नाही. घर आणि कुरण दोन्ही मोबाइलच्या चौकटीत धरू गेलं तर एक तरी सुटतं. सगळेजण दोन पावलं मागे, एक पाऊल डावीकडे, असं करत कॉन्स्टेबल नेमका कुठे उभा होता ते शोधत होते.

तिथल्या स्वयंसेवक गाइडने आमचा तो खेळ थोडा वेळ चालू दिला. मग सांगितलं, की हे चित्र तो इथे उभा राहून काढूच शकला नसता. सुमारे एक मीटर पंच्याऐंशी सेंटीमीटर रुंदीचा कॅनव्हास. तो रंगला लंडनमध्ये, ब्लूम्सबरीतल्या केपेल स्ट्रीटवरच्या घरात, १८२०-२१च्या हिवाळ्यात. हाताशी होती ती इथे वर्षानुवर्षं केलेली लहान-लहान स्केचेस. गाडीचा तपशील आठवेना तेव्हा त्याने गावाकडे निरोप धाडला आणि तरुण जॉन डन्थॉर्नने ऐन फेब्रुवारीत कुडकुडत गाडीचं रेखाटन करून पाठवलं. त्या गाडीभोवती मग कॉन्स्टेबलने भर उन्हाळा उभा केला. मेमध्ये अकॅडमीच्या प्रदर्शनात चित्र लागलं तेव्हा नाव होतं ‘लँडस्केप: नून’. म्हणजे दुपारच.

वर्गाला परमानंद झाला. खारकिवच्या आजी म्हणाल्या, “मी म्हटलं होतं, मस्ट!” सुदानी मुलाचं म्हणणं वेगळं. ज्याने फेब्रुवारीत लंडनमध्ये बसून रंगवलं, त्याची दुपार पुरावा म्हणून काय उपयोगाची? त्या माणसाला दुपार हवी होती, एवढंच आपण म्हणू शकतो. मला हा मुलगा मोठा हुशार वाटला आणि अजून वाटतो.

गाडी पाण्यात का थांबली आहे, यावर वाद पेटला. गाइडने दोन शक्यता सांगितल्या. एक, गाडी उतारावरून पलीकडच्या कुरणात गवत भरायला चालली असावी. मागे पांढरे ठिपके आहेत, तिथे. दुसरी, चाकं भिजवायला ती पाण्यात घातली असावी. हाँगकाँगच्या गृहस्थांना दुसरी शक्यता हास्यास्पद वाटली. चाकं कशाला भिजवायची? इथे मी तोंड उघडलं. लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. उन्हाळ्यात लाकूड आटतं, आरे खुळखुळतात, धाव सैल होते आणि निखळू शकते. म्हणून आमच्याकडे बैलगाड्या कृष्णेत घालून ठेवत. लाकूड पाणी पितं, फुगतं, धाव पुन्हा आवळून बसते. गाडीवाल्यांना ते कुणी शिकवावं लागत नसे. गेझिऱ्याच्या कालव्यांच्या प्रदेशात वाढलेला सुदानी मुलगा लगेच म्हणाला, आमच्याकडेही. गाइडने डायरी काढून माझं म्हणणं टिपून घेतलं आणि म्हणाला, “दॅट वुड मेक सेन्स.” मराठीत याला ‘बरोबर आहे’ म्हणतात. इंग्रज माणूस कबुलीसुद्धा ‘वुड’च्या आडोशाने देतो, ही त्यांची सभ्यता की काटकसर, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मग गाइडने त्या घरात राहणाऱ्याची हकिकत सांगितली. विली लॉट नावाचा शेतकरी, १७६१ ते १८४९, अठ्ठ्याऐंशी वर्षं जगला. जन्म या घरात, मरणही इथेच. आणि सबंध आयुष्यात या घराबाहेर त्याने फक्त चार रात्री काढल्या, असं सांगतात.

“कान्ट बी,” आजी म्हणाल्या.

हाँगकाँगच्या गृहस्थांना वेगळीच उत्सुकता. कुठल्या चार? ते कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही अंदाज लढवले: लग्न असेल, बाजार असेल, कोर्टकचेरी असेल, आजारी बहीण असेल. खारकिवहून निघाल्यापासून आजींनी किती छतांखाली रात्री काढल्या असतील, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. त्यांनीच विषय बदलला आणि कुत्र्याकडे वळवला.

ब्रिज कॉटेजशेजारच्या हॉटेलात चहा आणि स्कोन घेतले. आणि तिथे, स्कोनवर साय आधी की जाम आधी हा इथला सनातन वाद बाजूला ठेवून, सुदानी मुलाने सबंध दिवसातलं सर्वांत चांगलं वाक्य टाकलं: “ही शुड हॅव पेन्टेड द हंग्री पीपल.” चहाची भांडी थांबली.

त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि खरंच वाचलं होतं. १८१५ साली नेपोलियनशी युद्ध संपलं. सैनिक घरी आले, मजुरी कोसळली. बाहेरचं स्वस्त धान्य अडवायला त्याच वर्षी पार्लमेंटने कॉर्न लॉ केला, म्हणजे भाकरी महागच राहिली. १८१६ मध्ये याच पूर्व अँग्लियात, लिटलपोर्ट आणि ईली इथे भुकेल्या मजुरांनी दंगा केला आणि पाच जणांना फाशी झाली. ‘हे वेन’ प्रदर्शनात लागल्याच्या पुढच्याच वर्षी, १८२२ मध्ये, सफोक-नॉरफोकमध्ये मजूर मळणी यंत्रं फोडत होते. आणि चित्रात काय आहे? धूर, कुत्रा, शांत पाणी. मजूर आहेत, पण इतके दूर की एकेकाला ब्रशचा एकेक ठिपका. जॉन बॅरल यांनी १९८० मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द लँडस्केप’ या पुस्तकात नेमका हाच प्रश्न धसाला लावला: निसर्गचित्रातला गरीब माणूस चित्राची शोभा बिघडणार नाही इतक्याच अंतरावर का असतो?

हाँगकाँगचे गृहस्थ ठामपणे म्हणाले, “ही डिडन्ट हॅव टू.” चित्रकार म्हणजे वार्ताहर नव्हे. त्याला वाटलं ते त्याने काढलं. त्याने काय काढायला हवं होतं हे एकदा सरकार सांगू लागलं की काय होतं, ते मी बघून आलोय. हे ते फार हळू बोलले. मुलगा म्हणाला, मी सरकार नाही, मी बघणारा आहे. मी ‘शुड’ म्हणू शकतो. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दोन्ही पक्षांचं व्याकरण निर्दोष होतं, आणि पुढे काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं.

मला दोघांचंही अर्धंच पटलं. भूक लपवली, असं मला वाटत नाही. आणि चित्रकार मुखत्यार असतो, हे म्हणणंही जरा सोपंच. आम्ही सकाळी ज्या फरशीवर उभं राहून पावलं मागेपुढे करत होतो, ते गिरणीचं अंगण होतं. म्हणजे मालकाचं अंगण. कॉन्स्टेबल लहानपणापासून तिथे उभा राहिला तो मालकाचा मुलगा म्हणून. त्या घरातली भाकरी धान्याच्या भावावर भाजत होती, भाव चढला तर जास्तच. तिथून समोर बघितलं की शेजारच्या कुळाचं घर दिसतं, आपल्या पाण्यातून जाणारी गाडी दिसते, आणि गवत कापणारी माणसं ठिपक्यांएवढीच दिसतात. त्यांचे चेहरे दिसायला नदी ओलांडून कुरणात जावं लागलं असतं. तो गेला नाही. वाईतही वाड्याच्या माडीवरून नदी फार सुंदर दिसते.

दुपारनंतर टेकाड चढून ईस्ट बर्गहोल्टला गेलो. सेंट मेरी चर्चला मनोरा अर्धाच. कार्डिनल वुल्झी मदत करणार होता, त्याचीच सत्ता गेली आणि काम थांबलं, असं म्हणतात. घंटांना ठेवायला तात्पुरता म्हणून आवारात जमिनीवरच लाकडी पिंजरा केला, साल १५३१. पाचही घंटा आजही त्यातच आहेत, तोंडं वर करून टांगलेल्या, आणि दोर न लावता माणसं हातांनी ढकलून त्या वाजवतात. मी सर्वांना मेणवलीच्या घंटेची गोष्ट सांगितली. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चची घंटा मराठ्यांनी आणली आणि ती कृष्णेच्या घाटावर देवळात टांगली. अजून तिथेच आहे. गाइडच्या सुरात बाई म्हणाल्या, “शी माइट लाइक टू गो होम.” घंटेला ‘शी’ म्हणतात हे मला नवीन होतं. मी म्हटलं, सवय झाली असेल तिला.

याच आवारात कॉन्स्टेबलच्या आईवडिलांची कबर आहे आणि विली लॉटचीही. कॉन्स्टेबल मात्र लंडनमध्ये, हॅम्पस्टेडला पुरला गेला. क्षयाने खंगत चाललेल्या बायकोसाठी, मारायासाठी, त्याने हवापालट म्हणून हॅम्पस्टेडला घर केलं होतं. तिथल्या टेकडीवर १८२१-२२च्या उन्हाळ्यांत त्याने नुसत्या आभाळाची कितीतरी चित्रं काढली. कागदाच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठल्या दिशेचा, पाऊस आला की नाही, हे सगळं टिपून ठेवलं. ल्यूक हॉवर्डने ढगांना सिरस, क्युम्युलस अशी नावं देऊन वीसेक वर्षं झाली होती, आणि गिरणीवाल्याच्या पोराला वारा वाचणं बाळपणापासून येत होतं. पवनचक्कीत वारा चुकीचा वाचला तर पातीच मोडतात. ‘हे वेन’मध्ये पाऊस येईल की नाही, हे आमच्या वर्गाला ठरवता आलं नव्हतं. पण ‘हे वेन’ संपवल्यावर लगोलग या माणसाने अशी चित्रं काढली की ज्यांत ते ठरवता यावं. माराया १८२८ मध्ये गेली, सात लेकरं मागे ठेवून. पुढच्या वर्षी अकॅडमीने त्याला अखेर पूर्ण सभासद केलं, एका मताच्या फरकाने, वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

‘हे वेन’ लंडनमध्ये विकलं गेलं नाही. पॅरिसच्या अॅरोस्मिथ नावाच्या व्यापाऱ्याने ते दुसऱ्या एका मोठ्या चित्रासह १८२४ मध्ये अडीचशे पौंडांना घेतलं आणि पॅरिसच्या सालाँमध्ये लावलं. राजा दहाव्या चार्ल्सने सुवर्णपदक दिलं. देलाक्र्वाने ते बघून स्वतःच्या ‘कीऑसची कत्तल’ या चित्रावर प्रदर्शनाच्या तोंडावर पुन्हा ब्रश फिरवला, असं सांगतात. पदक घ्यायलाही कॉन्स्टेबल पॅरिसला गेला नाही.

मूळ चित्र बघायला आजी आणि मी नंतर दोघीच लंडनला गेलो. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर उतरल्या-उतरल्या आजींनी स्वतःहून नियम पुन्हा लागू केला. आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, कारण तिथे ‘हे वेन’चं पूर्ण आकाराचं स्केच आहे. एवढा प्रचंड कॅनव्हास निव्वळ तयारीसाठी रंगवायचा, हा उद्योग त्याच्याआधी फारसा कुणी केला नव्हता. स्केचमध्ये रंग फटकारलेले, तपकिरी बूड उघडं, घोडे म्हणजे चार फटके. मला ते पक्क्या चित्राहून जास्त आवडलं. आजींना नाही आवडलं. त्या म्हणाल्या, यात वादळ येणार आहे. दोन्ही चित्रं देणारा माणूस एकच, हेन्री व्हॉन नावाचा संग्राहक: पक्कं चित्र त्याने १८८६ मध्ये नॅशनल गॅलरीला दिलं, आणि स्केच त्याच्या मृत्युपत्राने १९०० मध्ये इकडे आलं.

स्केचमध्ये कुत्र्याजवळ काठावर एक घोडेस्वार आहे. पक्क्या चित्रात कॉन्स्टेबलने त्याच्या जागी पिंप रंगवलं आणि मग तेही पुसलं. त्यामुळे ट्रॅफल्गर स्क्वेअरला नॅशनल गॅलरीत पोहोचल्यावर आम्ही गाडी, घर, आभाळ काही न बघता थेट कुत्र्यासमोर जाऊन उभ्या राहिलो. चित्रासमोर गर्दी होती. या चित्राला लोक नुसतं बघून सोडत नाहीत. पीटर केनर्डने १९८० मध्ये फोटोमाँटाज करून गाडीत क्रूझ क्षेपणास्त्रं भरली. जुलै २०२२ मध्ये दोन तरुण आंदोलकांनी यावर दुसरंच चित्र चिकटवलं, ज्यात नदीच्या जागी डांबरी रस्ता आणि आभाळात विमानं होती, आणि चौकटीला स्वतःचे हात डकवून ते तिथेच बसले. सुदानी मुलाचा ‘शुड’ असा अधूनमधून भिंतीवर येतो.

“ते बघ,” आजी म्हणाल्या, “पाण्यात, काठाशी, गोल. पिंप. इट मस्ट बी.”

मला गोल काही दिसलं नाही. सावली असेल, किंवा वार्निश असेल. मी ‘माइट’च्या वर जायला तयार नव्हते. त्यांनी माझा खांदा धरून मला डावीकडे सरकवलं, मग खाली वाकायला लावलं. आमच्या मागे एक शाळकरी मुलगाही वाकला आणि म्हणाला की त्याला घोडा दिसतोय. आजींनी त्याला विजयी मुद्रेने जवळ ओढलं. आता आम्ही तिघं नाक चित्राला लागेल अशा बेताने ओणवे झालो होतो, तेवढ्यात मागून गॅलरीच्या रखवालदाराचा अत्यंत मृदू आवाज आला: “लेडीज, यू माइट वॉन्ट टू स्टेप बॅक अ लिटल.”

आजी सरळ झाल्या आणि मला विचारू लागल्या, यातला ‘माइट’ कुठल्या प्रतीचा? मी म्हटलं, हा सक्तीचा आहे. परीक्षेत आला तर ‘मस्ट’ लिहायचं.